ऑस्ट्रियाला वगळून

मी परळच्या एका कॉलेजात इतिहास शिकवते. जर्मनीचं एकीकरण हा माझा आवडता विषय. सुटी सुटी राज्यं आणि त्यांना एका झेंड्याखाली आणणारा प्रशियाचा तो मिशाळ पंतप्रधान. एक व्हायला भाषा पुरत नाही, समान शत्रू लागतो. आणि ऑस्ट्रियासारखा दांडगा भाऊ असेल तर त्याला आधी बाहेर काढावं लागतं, हे मी पोरांना रंगवून सांगायचे. घरी तयारी करताना नवऱ्यालाही.

नवरा लालबागच्या आमच्या चाळीचा सेक्रेटरी. आवारात चार चाळी. रीडेव्हलपमेंटसाठी एकत्र यायला हवं असं सगळेच म्हणतात आणि नळावरून भांडतात. चौथी चाळ सर्वांत मोठी, ती आली की एकत्र सोसायटीचं अध्यक्षपद तिचंच. ती माझं माहेर. बाबा अजून तिथेच राहतात.

विसर्जनाला आमच्या तिन्ही चाळींचे गणपती एकामागोमाग निघतात आणि चौथ्या चाळीच्या दारात आरती घेऊनच पुढे जातात. यंदा विसर्जनाच्या सकाळी नवरा म्हणाला, "थांबायचंच नाही. चिडू दे त्यांना. अंगावर आले की बघ, आपल्या तिन्ही चाळी कशा एक होतात ते."

"अरे, तबक घेऊन बाबा उभे असतात तिथे!"

"तूच तर शिकवतेस," तो हसला.

असा संताप आला! हा माणूस माझंच लेक्चर माझ्याच माहेरावर चालवणार? दिवसभर जिवाला चैन नव्हती. शेवटी जाऊन बाबांना सांगितलं. ते उखडले.

"तुझो घोव सांगात तसो गणपती चलता काय गो?"

संध्याकाळी आमचा गणपती वाजतगाजत त्यांच्या दाराशी आला. बाबा निरांजन लावून उभे होते. ट्रॉली थांबली नाही. मागून दुसरी गेली, तिसरी गेली. चौथ्या चाळीतून शिव्या सुरू झाल्या, तशी एरवी एकमेकांची तोंडं न बघणाऱ्या आमच्या तिन्ही चाळींनी एकच घोषणा दिली. नवरा पुढे चालत होता, त्याने मागे पाहिलंही नाही. झालं एकीकरण.

मी मिरवणूक सोडून बाबांशेजारी जाऊन उभी राहिले. निरांजन अजून जळत होतं. मला वाटलं, ते नवऱ्याला शिव्या घालतील. निदान मला तरी.

त्यांनी तबक खाली घेतलं.

"जा गो बाय," ते म्हणाले. "तुमचो गणपती फुडे गेलो."