शेवंतीची खानावळ

मुलुंडच्या त्या महिला मंडळात दर शनिवारी दुपारी प्रत्येकीला दोन गोष्टी सांगाव्या लागत: आठवड्यात काय वाचलं आणि किती विणलं. एकाहत्तरचा हिवाळा होता, विणकाम जवानांच्या स्वेटरचं होतं, त्यामुळे त्यात कुणी अंग चोरत नसे. वाचनाच्या बाबतीत मात्र सगळ्याच थोड्याफार थापा मारायच्या. पण रत्नप्रभेएवढी मोठी थाप एकीचीही नव्हती. तिला अक्षरओळखच नव्हती.

गिरणीत कामाला असलेल्या सहदेवची ही बायको, कुडाळकडची. पहिल्याच शनिवारी मंडळाच्या अध्यक्ष अंजनाबाईंनी विचारलं, ''तुम्ही काय वाचता?'' आणि बाईच्या तोंडून निघून गेलं, ''कादंबऱ्या.'' झालं! आता तो शब्द गिळायचा कसा? मग दर आठवड्याला मंडळाच्या कपाटातली एक कादंबरी तिच्या घरी जाऊ लागली. अकरा वर्षांची जया ती संध्याकाळी आईला वाचून दाखवायची, आईच्या सुया चालायच्या, आणि शनिवारी ते ऐकलेलं सगळं रत्नप्रभा असं काही रंगवून सांगायची, की बायका टाके मोजायला विसरायच्या.

त्या शनिवारी तिने एक बाही पुरी झालेली दाखवली आणि शेवंतीची गोष्ट सांगितली. नवऱ्याने टाकलेली शेवंती चिपळूणला जाऊन खानावळ काढते, आणि शेवटी तिला छळणारी सासूच तिथे जेवायला येते. बायका एकदम खूश. मुलुंडला नव्यानेच राहायला आलेली माणिक तेवढी गोंधळली.

''अहो वहिनी, मी हे मागे वाचलंय. शेवंती तर विहिरीत जीव देते ना? खानावळ कुठल्या पानावर आहे?''

तिने पुस्तक उचलून रत्नप्रभेच्या हातात दिलं. बिचारीच्या मनात काही वाईट नव्हतं.

रत्नप्रभेने पानं उलटली, पुन्हा उलटली. तिचे कान तापले. कुणी हसलं नाही, कुणी काही बोललंही नाही, आणि तेच तिला जास्त लागलं. ''दूध ठेवून आलेय स्टोव्हवर,'' असं काहीतरी पुटपुटत ती उठली. विणकामाची पिशवी तिथेच राहिली.

घरी जया अभ्यासाला बसली होती.

''माझी अब्रू घालवलंस गो! पुस्तकात नाय ता कित्याक सांगलंस?'' उत्तराची वाटही न बघता रत्नप्रभेने तिच्या थोबाडीत दिली.

जया रडली नाही. ''पहिल्या पुस्तकातली बाई मेली तेव्हा तू दोन दिवस धड जेवली नव्हतीस,'' ती गाल धरून म्हणाली. ''म्हणून मी बदलायला लागले. त्यानंतरची सगळीच बदलली.''

रत्नप्रभा स्वयंपाकाला लागली. भाकरी थापताना तिला पोरीकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पलीकडच्या बिल्डिंगमधली सुगंधा पिशवी घेऊन आली.

''कशाला पळालीस गं? आम्हाला दिवाळीपासून माहीत आहे. तुझ्यानंतर पुस्तक मीच नेते ना! एकातही तुझी गोष्ट नसते.''

''मग बोलला का नाहीत?''

''तू सांगायची बंद झाली असतीस. अंजनाबाईंनी सगळ्यांना दम दिलेला, हिला कुणी काही विचारायचं नाही म्हणून. माणिकला तेवढं सांगायचं राहिलं, आणि वाट लागली.''

सुगंधा हसली. रत्नप्रभेला मेल्याहून मेल्यासारखं झालं. इतके शनिवार ती मान ताठ करून बोलत होती, आणि अख्खं मंडळ तिची लाज झाकत होतं. घरात पोरगी तिला जपत होती. आणि हिने हात उचलला तो नेमका त्या पोरीवर! आपण अडाणी आहोत याची लाज तिला जन्मभर वाटत आली होती. पण ही लाज वेगळी होती, तिच्यासाठी दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवता येईना.

आठवडाभर तिने पिशवीला हात लावला नाही. शुक्रवारी मात्र रात्रभर बसून दुसरी बाही संपवली, आणि शनिवारी जयाचा हात धरून मंडळात गेली. तिची पाळी आली तेव्हा ती उभी राहिली. एरवी बसूनच सांगायची पद्धत होती.

''दुसरी बाही झाली,'' ती म्हणाली. ''वाचता मला येत नाही. गोष्टी सगळ्या हिच्या आहेत. आणि त्यासाठी मी हिला मारलं.''

हे शेवटचं वाक्य तिला दोनदा म्हणावं लागलं. पहिल्या वेळी आवाजच फुटला नव्हता.