वाऱ्यात धरलेला चेंडू

फर्गस रिचीला त्याच्या स्कॉटलंडमधल्या क्लबने एकोणिसाव्या वर्षीच नारळ दिला. कारण काय, तर पाय चांगला, पण वेग नाही. गावच्या कोळशाच्या खाणी बंद पडलेल्या, बाप घरी बसलेला, आणि नोकरी तर औषधालाही सापडत नव्हती. अशा वेळी फेरो बेटांवरच्या एका चिमुकल्या क्लबने त्याला बोलावलं. सकाळी मासळीच्या कारखान्यात कॉड कापायचा, संध्याकाळी फॉरवर्ड म्हणून खेळायचं आणि घरमालकीण बिल्हिल्डबाईंच्या वरच्या खोलीत राहायचं. करार फक्त एका हंगामाचा.

बिल्हिल्डबाईंनी दारातच त्याला आपादमस्तक न्याहाळलं. "गोल करणारा मागवला होता ना? हा तर चार दिवसांचा उपाशी दिसतोय. बस रे, आधी जेव." वाळवलेलं मटण, उकडलेले बटाटे आणि वर कॉफी. त्या पहिल्या ताटाचं ऋण फर्गस आजही बोलून दाखवतो.

खेळाचं मात्र जमेना. मैदानाच्या एका अंगाला डोंगर, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि वारा दोन्हीकडचा. पेनल्टीच्या वेळी वारा फार असला की आपल्यातल्याच एकाने आडवं पडून बोटाने चेंडू धरायचा, ही तिथली रीत, पंचांनाही मान्य. फर्गसला हा पोरखेळ वाटला. "पेनल्टी एकट्याने मारायची असते," असं ऐटीत सांगून त्याने तीनदा चेंडू ठेवला, तीनदा तो घरंगळला. चौथ्यांदा रागाने हाणला, तो थेट समुद्रात.

दुसऱ्या दिवशी कारखान्यात शेजारी मासे कापणारा, संघातलाच योग्वान, जो एरवी दिवसाला चार शब्द बोलायचा, म्हणाला, "आज कॉडची पोटं नीट बघ हं. चेंडू सापडेल."

ऑक्टोबरात शेवटचा सामना आला. जिंकलो नाही तर क्लब खालच्या गटात जाणार, आणि तिथे बाहेरचा खेळाडू परवडणार नाही, हे सगळ्यांना ठाऊक होतं. एव्हाना फर्गसला या माणसांचा असा लळा लागला होता की परत जायचा विषय निघाला की तो उठून कामाला लागायचा.

बरोबरी होती, दोन मिनिटं उरली होती, आणि पेनल्टी मिळाली. अख्खं गाव मैदानाच्या कडेला गाड्यांत बसून बघत होतं. प्रशिक्षक हायनी ओरडला, "फर्गस, मार!"

फर्गसने चेंडू उचलला आणि योग्वानच्या हातात दिला.

"तू मार. हा वारा तुझ्या ओळखीचा आहे."

"डोकं फिरलंय का? तुला कशाला आणलंय मग?"

"मार रे बाबा. मी धरतो."

"पाय लागला तर बोट जाईल."

"नऊ उरतील."

ओल्या मैदानावर तो पालथा पडला, चेंडूवर बोट ठेवलं आणि डोळे मिटले. आधी बोटातून कळ गेली, मग सगळ्या गाड्यांचे भोंगे एकदम वाजू लागले. तिथे गोलला टाळ्या नसतात, भोंगे असतात. फर्गस पडल्यापडल्याच रडला. बोट मोडलं म्हणून, असं म्हणा हवं तर.

क्लब वाचला, पण कराराचं कुणी काही बोलेना. बोलणार तरी काय? गोल योग्वानच्या नावावर, आणि मोडक्या बोटाने मासे कापता येत नव्हते. तिसऱ्या दिवशी फर्गसने मुकाट्याने बॅग भरायला घेतली. तेवढ्यात योग्वान आला आणि त्याला आपल्या मटण वाळवायच्या, फटींच्या लाकडी खोपटात घेऊन गेला. मेंढ्या नुकत्याच कापल्या होत्या. आढ्याला ताज्या तंगड्या टांगलेल्या होत्या.

"ही तुझी," योग्वान एका तंगडीकडे बोट दाखवत म्हणाला.

"घेऊन जाऊ?"

"वेडा आहेस का? वाऱ्यावर सुकायला ईस्टर उजाडेल."

"पण तोवर मी इथे... माझा करार..."

"ते हायनी बघतोय. ज्याची तंगडी टांगलेली असते, त्याला गाव सोडता येत नाही."

योग्वान एका दमात एवढं कधी बोलला नव्हता. या लोकांचे उपकार कसे फेडायचे, फर्गसला कळेना. त्याने घरी जाऊन वरच्या खोलीतली बॅग रिकामी केली.