पासिंगला थांबलेल्या गाड्या

दाजी गेल्याचा फोन आला तेव्हा मी धाराशिवला, कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. पुण्याहून भाच्याचा फोन होता. "मामा, अप्पा गेले. दुकानातच बसल्या बसल्या..." मी "निघतो" म्हणालो, फोन खिशात टाकला, टेबलावर आडवं पडलेलं ब्युरेट उचलून स्टँडला लावलं, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की आता खिडकीपासूनची पाइपची लांबी मोजून मला कोण सांगणार. हे लिहिताना लाज वाटते. पण तेव्हा तीसुद्धा वाटली नव्हती. अणदूरला पोचेपर्यंत मी रस्त्याकडे बघत होतो आणि मला काहीच होत नव्हतं. आता बऱ्याच आठवड्यांनी हे लिहायला बसलोय, तरी फारसा फरक पडलाय असं म्हणवत नाही.

शंकरअप्पा म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे यजमान. अणदूरला हायवेच्या कडेला त्यांचं कापडाचं दुकान. घरात कानडी, गिऱ्हाइकाशी मराठी आणि माझ्याशी दोन्हींची मिसळ. मी केमिस्ट्री शिकवतो म्हणून मला कायम 'मास्तर' म्हणायचे, आणि वयानं इतके मोठे असून अहो-जाहो करायचे, त्यात थोडी चेष्टा असायची. गादीवर बसून समोरून जाणाऱ्या एस.टी. बघण्यात त्यांचा जन्म गेला होता. पन्नाशीनंतर त्यांनी त्याच गाड्या हातभर लांबीच्या करायला घेतल्या. साडीच्या खोक्यांच्या पुठ्ठ्याचं अंग, शर्टाच्या पॅकिंगमधल्या पारदर्शक प्लॅस्टिकच्या काचा, कॉलरमध्ये घालतात त्या पट्ट्यांच्या खिडक्यांच्या चौकटी, टाचण्यांचे आरसे. "गिऱ्हाइकाला शर्ट द्यायचा, गाडी आपण ठिवून घ्यायची," असं ते म्हणायचे. दाराचा खटका, मागची शिडी, टपावरचा कठडा, सगळं जागच्या जागी. अडायचं ते रंगाशी. ब्रशनं लाल लावला की रेघा उठायच्या. "ही काय एस.टी. व्हय? सारवल्यावाणी दिसायली," म्हणून ते गाडी पुन्हा घासून पांढरी करायचे. स्लॅबवर नेऊन स्प्रेच्या डब्यानं मारून बघितलं, तर हायवेची धूळ ओल्या रंगावर येऊन बसायची, कधी माशी चिकटायची. आणि घरात मारायचं तर अक्काला दमा. थिनरचा नुसता डबा उघडला तरी तिची छाती भरून यायची. तिनं एकदा सगळ्यांसमोर सांगून टाकलं होतं, "घरात एकतर मी राहीन, न्हायतर तुमची ती एस.टी. दोघींना एका छपराखाली नांदवू नका."

म्हणजे प्रश्न एवढाच होता, की घरात बसून रंग मारायचा आणि तो अक्काच्या नाकात जाऊ द्यायचा नाही. दाजींनी तो माझ्यावर सोपवला. "तुमच्या प्रयोगशाळेत धूर ओढून घेणारं कपाट असतंय की. तसलं एखादं आपल्या घरात बसवा." मी खूश झालो. त्यांच्या ओसरीवर बसून मी त्यांना एअरब्रश म्हणजे काय ते सांगितलं. पेनासारखा असतो, वर रंगाची वाटी, एकाच बोटानं दाबलं की हवा आणि मागं ओढलं की रंग. कॉम्प्रेसरला टाकी असली तर हवा सलग येते, नसली तर धक्के बसतात. हवेतलं पाणी अडवायला एक बाटली लागते. रंग मारायची पेटी वेगळी, तिच्या पाठीला जाळी, जाळीमागं पंखा, पंख्यामागं पाइप. पाण्यात मिसळणारे रंग वापरा, असंही मी सुचवलं. त्यावर ते म्हणाले, "पाण्याच्या रंगाला एस.टी.चा लाल येत न्हाय मास्तर. लग्नातल्या पत्रिकेचा लाल येतोय." आणि मी पंख्याच्या मोटरबद्दल बोलू लागलो तेव्हा हात वर करून "साकु, साकु," म्हणजे पुरे, पुरे.

पहिल्यांदा आम्ही घाई केली. थंडीचे दिवस होते, देव नळदुर्गला गेला होता. आमच्याकडं थंडी सांगायची रीतच ती आहे. अणदूरचा खंडोबा त्या दिवसांत नळदुर्गला मुक्कामाला असतो आणि गाव थोडं रिकामं रिकामं वाटतं. मी एक साधा एअरब्रश आणि बिनटाकीचा कॉम्प्रेसर निवडला, पेटी गावातल्याच वेल्डरकडून पत्र्याची करून घेतली आणि तिला जुन्या कूलरचा पंखा बसवला. पाइप पूर्वेच्या खिडकीतून काढणं सोपं होतं, पण तिथं दाजींची पूजेची जागा. "जिथं इष्टलिंग हातावर घेऊन बसतो तिथनं थिनरचा धूर सोडू व्हय?" ते म्हणाले, आणि ते मलाही पटलं. मग पाइप पश्चिमेच्या खिडकीतून काढला. पेटीसमोर उदबत्ती धरून बघितली. धूर सरळ आत ओढला गेला, बाहेर जाऊन विरला. अक्का स्वयंपाकघरातून ओरडली, "उदबत्ती लावलीया का न्हाय अजून?" आम्ही दोघं हसलो. मी पास म्हणून सांगितलं. त्या थंडीत दाजींनी दोन गाड्या रंगवल्या. गुळगुळीत, लालभडक, पोटाला पिवळा पट्टा. दुकानात समोरच ठेवल्या होत्या. गिऱ्हाईक कापड बघायचं सोडून त्याच बघायचं.

थंडीत आमच्या पठारावर वारा पूर्वेकडून येतो. उन्हाळ्याच्या शेवटी तो फिरतो आणि मग पावसाळाभर पश्चिमेकडून घोंघावत राहतो. हे मला लहानपणापासून माहीत आहे, दाजींना माहीत होतं, शेतात काम करणाऱ्या कुणालाही माहीत असतं. उदबत्ती मात्र आम्ही थंडीत लावली. वारा फिरल्यावर दाजी तिसरी गाडी रंगवायला बसले, तेव्हा त्या पाइपातून रंगाचा सगळा धुरळा उलटा घरात आला. त्यांच्या स्वतःच्या तोंडावर फडकं बांधलेलं असल्यामुळं त्यांना लवकर कळलं नाही. अक्का आतल्या खोलीत दुपारची झोपली होती. तिला सोलापूरला न्यावं लागलं. ऑक्सिजन लावलेल्या अक्काच्या पलंगापाशी आम्ही दोघं बसलो होतो, तेव्हा दाजी माझ्याकडं न बघता म्हणाले, "वाऱ्याचं आपल्या दोघांच्या बी ध्यानात आलं न्हाय बघा." दोघांच्या म्हणाले. त्यांनी मला एकट्याला बोल लावला असता तर बरं झालं असतं.

अक्का बरी होऊन घरी आली. तिनं ती पत्र्याची पेटी भंगारवाल्याला देऊन टाकली. दाजींनी रंग बंद केला. पण गाड्या करणं बंद केलं नाही. आणि मी ठरवलं, की आता जे घ्यायचं ते नीट विचार करून, एकदाच. तिथून माझं निवडणं सुरू झालं. कुठली पेटी किती हवा ओढते, उलट्या वाऱ्यानं आपोआप झापड बंद होणारा पाइप कुठं मिळतो, मोटर हवेच्या वाटेबाहेर आहे का, कारण थिनरच्या वाफेत ठिणगी पडली तर काय, नाकावरचा मास्क धुळीचा की वाफेचा. मी व्हिडिओ बघायचो, लोकांचे अभिप्राय वाचायचो, एक पक्कं करायचो आणि दुसऱ्या दिवशी त्यात खोट काढायचो. दर रविवारी दाजींचा फोन यायचा. "झालं का ठरवून?" मी त्यांना काय काय वाचलं ते सांगत बसायचो. ते ऐकून घ्यायचे. शेवटी म्हणायचे, "बरं. बघा सावकाश. गाड्या हायत्या डेपोत. रंगाबिगर पासिंग व्हत न्हाय, थांबल्यात सगळ्या रांगेत."

मी याला काळजी म्हणत होतो. अक्काला पुन्हा काही होऊ नये, असं मी स्वतःला सांगत होतो आणि ते खोटंही नव्हतं. पण त्याच्या आत दुसरं काहीतरी होतं. मला पुन्हा चुकायचं नव्हतं. तेही एक वेळ समजण्यासारखं आहे. त्याच्याही आत, खरं सांगायचं तर, दर रविवारी कुणीतरी आपल्याला विचारतंय, आपल्यावाचून कुणाचं तरी अडलंय, हे मला आवडत होतं. घेऊन टाकलं असतं तर फोन संपले असते... शेवटचे ते धाराशिवला आले, मालाच्या कामासाठी, तेव्हा माझ्याकडं चहाला बसले. थकलेले वाटले. मी विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "आता तरी?" मी म्हणालो, "पावसाळा जाऊ द्या दाजी. ओलाव्यात कॉम्प्रेसरमध्ये पाणी धरतं. तुम्ही तेवढी नव्या पाइपसाठी लांबी मोजून ठेवा." ते "बरं" म्हणाले. चपला घालताना हसून म्हणाले, "मास्तर, तुम्ही पोरगी बघायला गेला असता तर तुमचं लगीन झालंच नसतं."

त्यांना शेतात समाधी दिली. जंगमांनी विभूती लावली, मंत्र म्हटले, माती पडली. घरी परत येऊन मी ओसरीवर बसलो. कुणीतरी चहाचा कप हातात दिला. आणि मी मोबाईल काढून एअरब्रश, टाकीचा कॉम्प्रेसर, पेटी, झापडीचा पाइप, वाफेचा मास्क, सगळं मागवून टाकलं. काही ताडून बघितलं नाही, कुणाचा अभिप्राय वाचला नाही. चहा निवायच्या आत झालं. का मागवलं, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. इतके महिने जे होत नव्हतं ते इतकं सोपं होतं, हे कळलं, एवढंच.

गेल्या रविवारी मी अणदूरला गेलो आणि ती पेटी दाजींच्या खोलीत बसवली. पश्चिमेचा वारा जोरात होता. पाइप लांबीला जेमतेम पुरला. कोपऱ्यात, भिंतीच्या कडेनं, पुट्टी लावून घासलेल्या पांढऱ्या गाड्या उभ्या होत्या, मला वाटल्या होत्या त्यापेक्षा कितीतरी जास्त. मी मोजल्या नाहीत. अक्काला म्हणालो, तू मागच्या खोलीत जाऊन बस, दार लावून घे. मग दाजींच्याच डब्यातला लाल थिनरमध्ये पातळ करून वाटीत ओतला आणि पहिली गाडी पेटीत ठेवून बोट दाबलं. मला रंगवता येत नाही. फार जवळ धरलं असणार. टपावर बरा बसला, पण खिडक्यांखाली रंग साचला आणि चाकापर्यंत ओघळ आला. पंखा मात्र सगळा धुरळा गपागपा ओढत होता. खोलीत एक कण राहिला नाही. दाजींना पाहिजे होतं, अगदी तसं.

मागं वळून बघितलं तर अक्का दारात उभी. पदर नाकाला लावलेला नव्हता. ती गाडीकडं बघत नव्हती, दाजींच्या बसायच्या स्टुलाकडं बघत होती, ज्यावर आता मी होतो. तिनं एकदा खोल श्वास घेतला. मग आणखी एकदा.

"काहीच वास येत न्हाय रे राजू. त्यांच्या कापडांना यायचा तो बी न्हाय," ती म्हणाली. तक्रार केल्यासारखी.

"येऊच नये, अक्का. म्हणून तर हे."

"जरा बंद कर की तो पंखा. घडीभर."

मी पंखा बंद केला नाही. ती वळून आत निघून गेली.