शवासन बघून धावत आलेली भागीबाय

मैत्रिणींनो, आपली फिरती वही आज माझ्याकडे आहे ते बरंच झालं. नाहीतर हे सांगायला कुणाला गाठलं असतं?

आत्ताच मचव्याने पूर्णगडच्या किल्ल्यावरून परतलेय. आम्हांला आसनं शिकवणाऱ्या इंदूताई म्हणाल्या, "दार लावून किती दिवस करायची? चला, किल्ल्यावर करू." आम्ही पाचजणी गेलो. बरोबर घरचा एकही पुरुष नाही! सासूबाईंना मी मारुतीचं दर्शन एवढंच सांगितलंय.

तटाच्या आत, समुद्राकडच्या दरवाजापाशी सूर्यनमस्कार घातले. मग शवासन. डोळे मिटून निपचित पडलो, तेवढ्यात किंकाळी!

"अगो धावा गो! बाया मेल्या!"

मासळी विकून परतणारी भागीबाय टोपली टाकून धावत आली आणि इंदूताईंना गदागदा हलवायला लागली. आमची हसून पुरेवाट! अंग सैल सोडून पडणं हेही आसनच, असं इंदूताईंनी तिला समजावलं.

"नुसतं पडायचं? भर दिवसा?"

तिला पटेना. पण टोपली सरकवून तीही आडवी झाली.

निघायची वेळ झाली तरी ती उठेना. मी हाक मारली, तर डोळे मिटूनच म्हणाली, "थांब गो जरा. दिवसाची पाठ टेकली ती बाळंतपणातच."

ओहोटी लागेल म्हणून मचवेवाला खालून ओरडत होता. आम्ही त्याला थांबवून ठेवलं.

आता प्रत्येकीने खाली खरं लिहा. बाळंतपण आणि आजारपण सोडून तुम्ही दिवसा पाठ कधी टेकलीत?

मी पहिली लिहिते: आज.