वामन मास्तरांनी वाचलेला कौल

जासईच्या वामन मास्तरांना मोडी वाचता येई. त्र्याऐंशीच्या सुमारास जमिनी सरकारी संपादनात जाऊ लागल्या, तशी या निवृत्त शिक्षकाच्या ओटीवर माणसांची रीघ लागली. ज्याच्या त्याच्या माळ्यावरून काही ना काही कागद निघत होता.

हिरामण घरत म्हाताऱ्या आईला, भागीरथीला, घेऊन आला. कागद बांबूच्या नळीत होता.

"मास्तर, यान आमचे जमिनीचा काय लिवलाय? इनाम असंल तर कोर्टान लावता येल."

मास्तर तीन दिवस भिंग घेऊन बसले. इनाम नव्हतंच. तो दोनशे वर्षांपूर्वीचा कौल होता. गावानं भाताची खंडणी द्यावी, म्हणजे किल्ल्याची फौज गाव लुटणार नाही, जाळणार नाही, एवढंच अभय. इनाम आहे म्हणून सांगावं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. या घराला वर्षभर तरी आशा राहिली असती. पण खालची ओळ वाचल्यावर त्यांना खोटं बोलवेना.

"जमिनीचं यात काही नाही, हिरामण."

हिरामण उठू लागला. मास्तरांनी त्याला बसवलं. "भागीरथीकाकी, तुमच्या घराण्यात पोसू कोण?"

म्हातारीनं मान खाली घातली. "त्याचा नाव घेत न्हाय आमी. लुटीचे वक्ताला बायकोपोरांना टाकून पलाला. लगीन होऊन आयलू तवापासून आयकतय, पलपुट्याचा घर."

"तो पळाला नव्हता," मास्तर म्हणाले आणि एकेक शब्द सावकाश वाचू लागले. "खंडणी पोचेपावेतो पोसू घरत याणे किल्ल्यात ओलीस राहावे."

गावात तेव्हा भात नव्हतं. पीक हाती येईपर्यंत जामीन म्हणून तो स्वतः जाऊन बसला होता. कागदाच्या पाठीवर वेगळ्या हातानं लिहिलं होतं, 'भात पावले. ओलीस कैदेत मयत.'



"मंग गावानं आसा का सांगितला?" भागीरथीनं विचारलं.

"भात उशिरा पोचलं असेल, काकी. गावाला त्या उशिराची लाज वाटली असेल." याहून जास्त मास्तरांनाही ठाऊक नव्हतं.

जमीन गेलीच. शेतात मातीचा भराव पडला. त्या पितृपक्षात भागीरथीनं पहिल्यांदा पोसूच्या नावानं पान वाढलं आणि गावच्या पंचांना जेवायला बोलावलं. वामन मास्तर सगळ्यांच्या आधी जाऊन बसले. मग एकेक करून पंच आले आणि पंगतीला बसले.