पुएब्लाच्या किल्ल्यावरचे मावळे

आमच्या ह्यांना, म्हणजे प्रतापना, कॅनडात ग्वेल्फला येऊन पन्नास वर्षं झाली, पण ह्यांची एक हौस राहूनच गेली होती: दिवाळीचा किल्ला. जन्मभर धरणांची माती तपासणारा हा इंजिनियर इथल्या नोव्हेंबरपुढे हरला. किल्ला वाळायचा नाही आणि त्यावर पेरलेले अळीव थंडीने उगवायचे नाहीत. पुण्याहून आणलेले मातीचे अठरा मावळे बेसमेंटमध्ये बुटांच्या खोक्यात पडून होते. त्यांना हात लावायची नातवंडांनाही परवानगी नव्हती.

गेल्या वर्षी पाच मेला ह्यांनी कुंपणावरून शेजारच्या मेक्सिकन रोसारिओला थाटात ‘हॅपी इंडिपेन्डन्स डे’ म्हटलं. ती हसली. म्हणाली, तो सप्टेंबरात. पाच मे म्हणजे तिच्या गावचा, पुएब्लाचा दिवस. १८६२ साली तुटपुंज्या मेक्सिकन फौजेने दोन टेकडी-किल्ल्यांवरून बलाढ्य फ्रेंचांना पिटाळलं, त्याची आठवण. किल्ला म्हटल्यावर ह्यांचे कान टवकारले, आणि महिनाभर माझ्या डोक्याला त्या लढाईचा भुंगा लागला.

यंदा वसंतात रोसारिओची आई, एल्विराबाई, लेकीकडे आल्या. एप्रिलच्या शेवटी रोसारिओ माझ्यापाशी डोळ्यांत पाणी आणून बोलली.

“शुभदा, आईने रेस्टॉरंटच्या खिडकीत पाहिलं. कागदी टोप्या आणि बिअरवर डिस्काउंट. म्हणते, हाच का आमचा पाच मे? त्या दिवशी खोलीबाहेर येणार नाही. सात तारखेला तिची फ्लाइट आहे. एवढा प्रवास पुन्हा नाही झेपायचा तिला. हेच मनात घेऊन जाईल.”

मी घरी येऊन सांगितलं. ह्यांनी चहा अर्धा टाकला आणि गराजमधून फावडं काढलं.

आठवडाभर आमचं बॅकयार्ड खणलेलं होतं. सत्त्याहत्तराव्या वर्षी हा माणूस गुडघाभर चिखलात, आणि मला हुकूम, “अगं, अळिवाला पाणी घाल.” मी बडबडले, पण पाणी घातलं. दोन टेकड्या, दोन किल्ले, मधे खिंड. अळीव झकास उगवले. फ्रेंच फौज म्हणून बुद्धिबळातली पांढरी प्यादी उतारावर लागली.

पाच मेच्या सकाळी हे ते खोकं घेऊन आले आणि मी त्यांना दारातच अडवलं.

“अहो, मेक्सिकोच्या किल्ल्यावर मावळे? आधीच दुखावल्यात त्या. त्यांना चेष्टा वाटेल.”

“मग किल्ला ओस ठेवू?” हे म्हणाले, पण आवाज पडलेला होता. तरी एकेक मावळा तटावर उभा केलाच.

चहाच्या निमित्ताने रोसारिओने आईला आणलं. काठी टेकत त्या किल्ल्यापाशी थांबल्या. ह्यांनी चिखलाचे हात शर्टाला पुसले. मग बाईंनी वाकून एक मावळा उचलला आणि भराभर स्पॅनिशमध्ये बोलू लागल्या.

“आई विचारते,” रोसारिओने सांगितलं, “आमची डोंगरातली माणसं ह्यांना कुठे भेटली? त्या दिवशी ती कोयते घेऊन डोंगरातून लढायला आली होती. आमच्या परेडमध्ये मुलं अजून तसा वेष करतात.”

मला तर रडूच आलं.

पुढे बाईंनी काठीने एकेक प्यादं उतारावरून लोळवलं. लढाईत पाऊस पडला होता म्हणून ह्यांनी झारी धरली. मला मेली हसून हसून उचकी लागली.

निघताना बाईंनी मावळा परत करायला हात पुढे केला. नातवंडांनाही खोक्याला हात लावू न देणाऱ्या ह्या माणसाने त्यांची मूठ अलगद मिटली.

जूनमध्ये रोसारिओने फोटो पाठवला. बाईंच्या पुएब्लातल्या खिडकीत मावळा, आणि मागे दूर किल्ल्याची खरी टेकडी. ह्यांनी फोटो प्रिंट करून खोक्याच्या झाकणावर चिकटवला. आत सतरा मावळे आहेत. पन्नास वर्षं बेसमेंटमध्ये बसून काढल्यावर अठराव्याला खरा किल्ला मिळाला.