मंडळी सुटली

पुरावा कधी खोटं बोलत नाही, यावर माझी श्रद्धा आहे. माझ्याकडचा पुरावा लोखंडी होता, हातभर लांब आणि थोडा गंजलेला. तो माझ्या टेबलावर आणून ठेवणारा माणूस त्या वेळी जिवंत नव्हता, असं त्याच्या घरचे म्हणतात. मी काही म्हणत नाही. झालं ते लिहितो…

आधीच सांगतो, मी असल्या गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांतला नाही. साताऱ्यात आमच्या चौकातले उतारे मी लहानपणी लाथेनं उडवलेत आणि त्यातले नारळ खाल्लेत. या साइटवरचे बरेच भुताटकीचे अनुभव मी हसत हसत वाचलेत, काहींवर खवचट कॉमेंटही टाकल्यात. त्या कॉमेंट अजून तिथंच आहेत आणि मी त्या काढणार नाही.

कॉलेजला उन्हाळी इंटर्नशिपचं सर्टिफिकेट हवं होतं. कंपन्यांनी उत्तर दिलं नाही, सांगलीच्या एका मानवतावादी संस्थेनं दिलं. संस्था म्हणजे कुपवाडच्या एमआयडीसीत एका फाउंड्रीच्या मागची पत्र्याची शेड. पहिल्या दिवशी अध्यक्ष स्वतः आले. "तुम्ही आजपासून मानवतेचे पाईक!" असं म्हणून त्यांनी मला गुच्छ दिला, फोटो काढून घेतला आणि पुढच्या पाहुण्यासाठी गुच्छ परत घेतला. त्यानंतर शिंदे मॅडमनी माझ्या हातात फडकं दिलं. मानवतेच्या कॉट पुसायच्या होत्या.

काम मात्र खरं होतं, हे कबूल करायला हवं. घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस असेल तर संस्था कॉट, व्हीलचेअर, वॉकर फुकट वापरायला द्यायची. गरज संपली की परत आणायचं, म्हणजे ते पुढच्या घरी जाई. सगळा कारभार शिंदे मॅडम एकट्या बघायच्या. सामान पोचवायला टेम्पो होता आणि टेम्पोला बाबूराव होते. 'इंटर्न' हा शब्द त्यांना पटला नाही, म्हणून ते मला इंटरनेट म्हणायचे. "आवो इंटरनेट, रेंज हाय का? मग हिकडनं धरा."

आमच्या कॉटचा एकच दोष होता. डोक्याकडची बाजू वरखाली करायचं हँडल निघून हातात यायचं, आणि मग घराघरांत हरवायचं. म्हणून दारावर पाटी होती : हँडलशिवाय कॉट परत घेतली जाणार नाही.

रुजू होऊन आठवडाही झाला नसेल. टळटळीत दुपार, मॅडम मागच्या खोलीत डबा खात होत्या आणि टेबलावर मी एकटा. एक म्हातारे गृहस्थ आत आले. पांढरी टोपी, कडक इस्त्रीचा सदरा, खिशाला पेन, मिश्या पलटणीतल्या. ताठ उभे राहिले. काखेतली वर्तमानपत्राची गुंडाळी टेबलावर ठेवून उलगडली. आत हँडल होतं.

"कुंडलला कॉट हाय तुमची, आमच्याकडं," ते म्हणाले. "आमची मंडळी सुटली. कॉट घिऊन जावा. दुसऱ्या कुनाला लागंल."

मंडळी म्हणजे बायको, एवढं मला कळलं. पण आमच्या घरी सुटका होते ती दवाखान्यातून.

"अरे वा! अभिनंदन, काका!" मी म्हणालो. "कधी सुटल्या?"

त्यांनी माझ्याकडं जरा वेळ बघितलं. रागानं नाही. नवा रंगरूट बंदूक उलटी धरतो, तेव्हा जुनी माणसं बघत असतील तसं.

"ह्येच की. आत्ताच म्हना."

"मग घरी आल्या?"

"घरातच हुती की वो ती…" ते पाटीकडं बोट करून म्हणाले, "ह्ये हँडल हरिवतंय, म्हनून आदीच आनून दिलं. येतो मी."

बसा म्हटलं, पाणी तरी घ्या म्हटलं. तोवर ते उन्हात उतरले होते.

मॅडम हात पुसत बाहेर आल्या. मी उत्साहानं बातमी दिली — कुंडलच्या आजी बऱ्या झाल्या. मॅडमनी कपाळावर हात मारला.

"अरे शहाण्या, सुटली म्हणजे गेली! वारली ती! आणि तू त्या माणसाचं अभिनंदन केलंस?"

त्या रात्रीचं जेवण मला गेलं नाही, एवढं सांगतो.

दुसऱ्या दिवशी बाबूरावांबरोबर कॉट आणायला निघालो. कॉट भरायच्या आधी सपाट करावी लागते, म्हणून हँडल सोबत घेतलं होतं. पलूस सोडेपर्यंत मी सांत्वनाची वाक्यं मनात घोळवत होतो. कुंडलच्या चौकात टेम्पो जरा थांबला आणि समोर मोठा फ्लेक्स दिसला. टोपी, मिश्या, खिशाला पेन.

"बाबूराव, हेच ते! काल आलेले. वाढदिवस दिसतोय."

"नीट वाचा, इंटरनेट," बाबूराव हळू म्हणाले.

भावपूर्ण श्रद्धांजली. सुभेदार आण्णा.

"बायकू गेली म्हनून धसका घेटला आसंल म्हाताऱ्यानं," बाबूराव म्हणाले. "येका दिवसात दोगं. लय वाईट." पुढं घर येईपर्यंत ते माझ्याशी चेष्टेनं काही बोलले नाहीत.

अंगणात पत्र्याच्या सावलीत माणसं बसली होती. कडेगावला दिलेली मुलगी, सुरेखाताई, पुढं आली. डोळे सुजलेले. मी पाठ केलेलं म्हणालो, "संस्थेकडून आलोय. आजी गेल्याचं कळलं… फार वाईट झालं."

तिला काही कळेना. आतून एक बारीक, अडखळता आवाज आला, "कोन आलंय गं, सुरे?"

अंगणातली माणसं माझ्याकडं बघायला लागली.

"आई आत हाय," सुरेखाताई म्हणाली. "आण्णा गेलं. काल पहाटं उसाला पानी सोडाय गेलते. मोटरीपाशीच पडले. दुपारच्या आत सगळं उरकलं बी."

"काल… दुपारच्या आत?" मी विचारलं.

"व्हय. का वो?"

मी बाबूरावांकडं बघितलं. बाबूराव आपल्या चपलांकडं बघत होते.

तेवढ्यात तिचं लक्ष माझ्या हाताकडं गेलं. "ह्ये तुमच्याकडं कसं? कालपासनं हुडकतोय आमी! आडवी ऱ्हायली की दम लागतोय आईला. गाद्यांचा टेका दिऊन बसवलीया."

"काल एकजण… देऊन गेले," मी म्हणालो. यापेक्षा खरं वाक्य मला तेव्हा सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

आत गेलो. आजी गाद्यांच्या ढिगाला टेकून होत्या, अर्धं अंग लुळं, श्वास वरवर चाललेला. आण्णांनी त्यांचं सगळं एकट्यानं केलं होतं, वेणीफणीसुद्धा. सुरेखाताई दारातच माझ्याशी कुजबुजली, "आण्णांना येकच घोर हुता. म्हनायचे, देवा, आदी हिला सोडीव, मग मला. मागं ऱ्हायली तर हिचं कोन करनार? मी न्हेईन की वो माझ्या घरी. पन ती दुसऱ्या कुनाच्या हातनं खाईना. कालपासनं पानी बी घेटलं न्हाई."

मी हँडल बसवून फिरवायला लागलो. करकर आवाज करत पाठ वर आली, सुरेखाताईनं गाद्या काढल्या. आजींचा श्वास जरा खाली बसला. त्यांनी डोळे उघडले, हँडलकडं बघितलं, मग माझ्याकडं.

"कुनी दिलं?"

मी हँडल उगाच आणखी अर्धा फेरा फिरवलं.

"टोपी हुती? खिशाला पेन?"

मी मान डोलावली. सुरेखाताईनं तोंडाला पदर लावला.

"काय म्हनलं?"

खोटं बोलायची ती वेळ होती. मी वाचलेल्या निम्म्या पुस्तकांनी तशी परवानगीही दिली आहे. पण त्या बाई माझ्या तोंडाकडं अशा बघत होत्या, की ते जमलं नाही.

"म्हणाले… आमची मंडळी सुटली. कॉट घेऊन जावा."

त्यांनी ते ओठांतल्या ओठांत एकदा म्हणून बघितलं. मग आजींच्या चेहऱ्याची चालती बाजू हसली.

"मिल्ट्रीवालं!" त्या म्हणाल्या. "आठाची येष्टी आसली तर सा वाजताच जाऊन ष्ट्यांडवर बसायचं. कवा सुदरनार न्हाई ह्यो मानूस." दम खाऊन म्हणाल्या, "सुरे, पानी दे गं."

मुलीच्या हातून त्या पाणी प्यायल्या. सुरेखाताईनं घाईत भांडं तिरकं धरलं, निम्मं पातळावरच सांडलं. आजींनी चांगल्या हातानं तिचा हात धरून भांडं सरळ केलं.

कॉट न घेताच आम्ही परत आलो. वाटेत बाबूराव एकदाच बोलले, "मॅडमला काय सांगायचं?" मी म्हणालो, पेशंट आहे, कॉट लागते. हे पूर्ण खरं होतं.

त्याच आठवड्यात शेडमधला फोन वाजला. मीच उचलला. पलीकडं सुरेखाताई.

"आई सुटली वो," ती म्हणाली. "झोपेतच. चार घास खायला लागली हुती माझ्या हातनं… कॉट घिऊन जावा. दुसऱ्या कुनाला लागंल."

हे शेवटचं वाक्य मी तिला सांगितलेलं नव्हतं. तसं कॉट परत देणारं कुणीही ते म्हणू शकतं, हेही खरं. या वेळी मी अभिनंदन केलं नाही. खुर्चीतून उठून उभा राहिलो. मग म्हणालो, "येतो."

तुम्ही कॉमेंटमध्ये लिहिणार ते सगळं मी स्वतःला विचारून झालंय. आण्णांना भाऊ नव्हता. गावातून आणून दिलं, असं सांगणारं कुणी निघालं नाही. पहाटे शेतात जाताना त्यांनी हँडल कशाला नेलं असतं, आणि नेलंच, तरी ते कुपवाडपर्यंत कसं आलं? भावकीतल्या कुणी थट्टा केली म्हणावी, तर दारातून तिरडी उठली त्याच दिवशी कोण थट्टा करतं! बरं, मी फ्लेक्स बघून आठवण रंगवली म्हणावी, तर हँडल फ्लेक्सच्या आधीच आलेलं, आणि ते मॅडमनीही हातात घेतलेलं. शेडमध्ये सीसीटीव्ही आहे. अध्यक्षांच्या हस्ते त्याचं उद्घाटनही झालंय. वायर जोडायची राहिली आहे.

मला उत्तर सापडलेलं नाही, आणि सापडेल असं वाटत नाही. फक्त, येणारा माणूस 'सुटली' म्हणाला की मी आता उठून उभा राहतो आणि आधी पाणी देतो.

ते हँडल सध्या मिरजेत एका घरी आहे. आमच्या सगळ्या कॉटना चालतं. जरा घट्ट बसतं, तेल घालावं लागतं.